चौथ्यांदा तोच धडा

"मास्तरीण व्हायचंय म्हणून बी.एड.च्या कॉलेजात गेलीस, आणि आता सोडतेस? खरं सांग, भानगड काय आहे?"

बसथांब्यावर माझ्यापुढे बाप-लेकीची जुंपली होती.

"भानगड कसली, बाबा! काल शाळेत वर्गावर शिकवून दाखवायचा माझा परीक्षेचा पाठ होता. मी प्रश्न विचारायच्या आधीच पोरांनी उत्तरं दिली."

"हुशार असतील."

"डोंबलाची हुशार! तोच धडा त्या वर्गावर आमच्या कॉलेजातल्या तिघींनी आधी घेतलाय. मार्क देणाऱ्या मॅडमना ठाऊक होतं, तरी 'उत्तम' म्हणाल्या."

"पास झालीस ना?"

"झाले. पण मला शिकवता येतं का, ते कुणाला कळलं?"

"मग शिकवून बघायला हा मागचा पोरगा घे. मघापासून कान लावून उभाय, पण पढवलेला दिसत नाही."

ती वळली. "काय रे, तुला काय येत नाही?"

शाळा सोडेपर्यंत हे मला कुणी विचारलं नव्हतं. बस आली, मला निघायला हवं होतं.