ओळ चारशे बारा

ताई : एकाच घरात राहतो आपण, आणि बाबांनी मला रजिस्टर्ड पोस्टानं अर्ज पाठवलाय! दवाखान्याच्या पत्त्यावर. ‘आपल्या दवाखान्याच्या वेबसाइटचा संपूर्ण कोड मिळावा.’

भाऊ : तोंडी का नाही मागितला?

ताई : विचारलं मी. म्हणाले, दाढ दुखतेय, जास्त बोलवत नाही.

भाऊ : मग द्यावाच लागेल. सॉफ्टवेअर फुकट मिळालं, त्याची अट एवढीच आहे. आपण त्यात बदल केले, तर वेबसाइट वापरणाऱ्याला बदललेला कोड मागता येतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय तसं.

ताई : तळाशी जाऊन कोण वाचतं?

भाऊ : छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस.

ताई : कोडमधली ती बाबांची ओळ काढ आणि मग दे.

भाऊ : नाही चालत. वेबसाइटवर दाढेसाठी वेळ मागितली की ज्या कोडनं त्यांना आठ महिने ‘वेळ शिल्लक नाही’ सांगितलं, तोच द्यायचा.

ताई : तूच लिहिलीस ना ती ओळ!

भाऊ : तू रडत होतीस म्हणून! ‘काहीही कर, पण बाबांना माझ्या खुर्चीत बसवू नकोस,’ कोण म्हणालं होतं?

ताई : मला वाटलं, कंटाळून दुसऱ्या डॉक्टरकडे जातील.

भाऊ : बाबा? पोटची पोर दातांची डॉक्टर असताना?

(दवाखान्याचं दार उघडून बाबा आत येतात. गालाला रुमाल बांधलेला, काखेत कागदांचा गठ्ठा, कानावर लाल पेन्सिल.)

ताई : बाबा, हे काय?

बाबा : कोड.

भाऊ : द्यावा लागेल म्हणजे... कालच दिला मी. अट म्हणजे अट.

ताई : घरभेदी मेला!

बाबा : भांडू नका. दोनशे सोळा पानं वाचलीत मी. मूळ लिहिणाऱ्यांची नावं उडवलीस तू, ती आधी परत घाल. कष्ट आहेत त्यांचे. आणि पान नव्वदवर कंस उघडलाय, तो मिटवलाच नाही.

भाऊ : त्र्याण्णववर मिटतो, बाबा.

बाबा : पाहिलं. इतका लांब कंस शोभत नाही. आता ही ओळ चारशे बारा.

ताई : बाबा, ती राहू द्या ना.

बाबा : ‘बाबा असतील तर वेळ शिल्लक नाही असं दाखवणे. कारण, ताईचे हात थरथरतात.’

ताई : कारणसुद्धा लिहिलंस?

भाऊ : बदल का केला ते लिहून ठेवायची पद्धत असते.

ताई : दिवसाला चार-चार दाढा काढते हो मी, बाबा. तुमची नाही निघायची माझ्याच्यानं. तुम्ही कळवळलात तर मला बघवणार नाही.

बाबा : आठ महिने कळवळतोच आहे की.

भाऊ : ताई, काढू ओळ?

ताई : ...काढ.

भाऊ : काढली. बाबा, वेळ मिळाली तुम्हाला. आत्ताची.

बाबा : कोड बदलला म्हणजे नवी प्रत लागेल मला.

भाऊ : देतो. आधी खुर्चीत बसा.

ताई : हात खरंच थरथरतोय, बाबा. बघा.

बाबा : तुझा पहिला दुधाचा दात मी पाडला, तेव्हा मीच डोळे गच्च मिटून घेतले होते. तू तेवढे उघडे ठेव.