सातव्या गोष्टीतली कुजबुज

भाची – उठू नकोस ना मावशी, सहाच गोष्टी झाल्यात. अजून चार आहेत.

मावशी – डोळे चुरचुरायला लागले गं. एका सिनेमात दहा दिग्दर्शक, दहा ऑपेरांमधली दहा गाणी, प्रत्येक गाण्यावर एक छोटी गोष्ट! कुणाच्या डोक्यातून निघतं हे? पण तू जोडलंयस झकास. सांधा कुठे दिसत नाही.

भाची – ही सातवी. म्हातारा एकटाच घर आवरतोय, एवढंच. गाणं नीट ऐक.

मावशी – अगंबाई, हा तर आमच्या गाणाऱ्या बाईंचा आवाज! आमच्याच थिएटरातलं रेकॉर्डिंग... बंद कर.

भाची – का?

मावशी – बंद कर म्हणते ना! मागे कुजबुज येतेय. माझी आहे ती.

(भाची पडद्यावरचं चित्र थांबवते.)

भाची – माहितेय मला.

मावशी – आणि तरी ठेवलीस? अगं, प्रॉम्प्टरने रंगमंचाखालच्या खोपटात बसायचं, ओळीच्या आधी पहिला शब्द पुरवायचा, तोही फक्त गाणारीला ऐकू जाईल असा. सव्वीस वर्षांत एकदाच माझा आवाज बाहेर गेला, आणि नेमका तेव्हाच माइक लावलेला. मॅनेजर चारचौघांत वाट्टेल ते बोलला. काढून टाक ते.

भाची – ध्वनीवाल्याने काढलंच होतं. बाईंनी परत घालायला लावलं.

मावशी – बाईंनी? आहेत त्या?

भाची – ब्याऐंशीच्या आहेत. परवानगीच्या कागदावर सही करायच्या आधी म्हणाल्या, वाजवून दाखव. ऐकलं आणि बिथरल्याच. "कुजबुज कुठे गेली? ती नसेल तर माझं गाणंही वापरायचं नाही."

मावशी – काहीतरीच तुझं!

भाची – रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांची मुलगी दवाखान्यात होती ना?

मावशी – हो. तिकडे पोरीचं ऑपरेशन, इकडे या रंग लावून उभ्या. पहिल्याच ओळीला चेहरा कोरा. एका शब्दाने भागेना, म्हणून आख्खी ओळ दिली. मग पुढची. अशी शेवटपर्यंत.

भाची – त्या म्हणाल्या, "तिने मला हाताला धरून पार नेलं. पडदा पडल्यावर मी तशीच दवाखान्यात धावले, परत आले महिन्याने. आभार मानायचे राहिले, मग लाज वाटत गेली."

मावशी – आणि पोरगी?

भाची – मला दार तिनेच उघडलं.

मावशी – बाई गं! बरी झाली म्हणजे... आणि मी मेली इतकी वर्षं समजत होते, आपण बाईंचं गाणं नासवलं. फार उपकार झाले गं तुझे, हे सांगितलंस.

भाची – मग काय करू? संध्याकाळी सिनेमा हातावेगळा करायचाय. तू नको म्हणालीस तर सातवी गोष्टच गाळावी लागेल.

मावशी – खबरदार गाळलीस तर! पहिल्यापासून लाव.

भाची – आवाज वाढवू? तुझा नीट ऐकू येईल.

मावशी – माझा कशाला? सव्वीस वर्षं बाईंच्या एक शब्द पुढे पळत होते मी. त्यांचं गाणं कधी ऐकलंच नाही.