शिंपलीचं औषध अन् माह्या पायाचं बोट

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे आमच्याकडची कर. ओसरीवर मी, माही बायको सुमन, शेजारचा गुलाबराव अन् समुद्राकाठून आलेली माही पोरगी मंदा, इतकेच होतो. माह्या पायाचं बोट ठेवाचं का काढाचं, हे त्या दिवशी ठरलं.

मी वाशीमकडच्या शिरपूरचा. सोयाबीन अन् तूर, याच्यातच जलम गेला. मंदा प्राणिशास्त्र शिकली अन् पार समुद्राकाठी गेली. काय सांगू तुम्हाले, गुलाबराव भर चौकात म्हणे, भाऊ, पोरीले शिंपल्या येचाले पाठवलं का. मी तिले फोनवर विचारलं, बाई, तू करतं तरी काय. ती म्हणे, बाबा, ह्या शिंपल्या इथच्या नाहीत, जहाजाच्या बुडाले चिकटून परदेशातून आल्या, जसं आपलं गाजर गवत आलं, अन् इथच्या शिंपल्यायची जागा खाऊन राह्यल्या. ह्या परदेशी शिंपल्यायच्या अंगात जंतू मारणारे बारीक बारीक प्रथिनं तयार होतात. पाणी तापलं, खारटपणा घटला, तं त्या प्रथिनायचं काय होते, ते मी पाहून राह्यली. म्हटलं समजलं, ताण पडलेल्या सोयाबीनवर रोग आधी येते, तसंच. ती हासली. म्हणे तसंच नाही बाबा, थोड्या ताणात ते प्रथिन कधी उलटा जोर धरते, जास्त झाला की खचते. मले त्या शिंपलीचं लय कौतुक वाटलं. गाजर गवताचं कधी वाटलं नाही.

मंग आषाढात पायात बाभळीचा काटा मोडला. मले साखरेचा आजार, जखम भरेच ना. वाशीमचे डॉक्टर म्हणे, हे जंतू आता औषधालेच जुमानत नाहीत, बोट काढा, नाहीतं पाय जाईन. मी आज-उद्या करत राह्यलो, कारण मनात मंदाची शिंपली. अन् तोच गुलाबराव आता म्हणे, घरात औषध असून बोट काहून कापता.

करीच्या दिवशी त्यानं मंदालेच विचारलं, तुह्या शिंपलीचं औषध बापाले काहून लावत नाही. सुमन रडून म्हणे, बाई, थेंबभर लावून तं पाहाय. पोरीनं माह्या पायाची पट्टी सोडून जखम पाह्यली. मंग म्हणे,

बाबा, शिंपलीतलं ते प्रथिन काचेच्या बशीत जंतू मारते. तुमच्या पायात काय करन, मले माहीत नाही. उद्या दवाखान्यात जाऊ.

मायचं रडणं पाहून कोणीही काहीतरी लावून देल्लं असतं. हिनं नाही देल्लं. बोट गेलं, पाय राह्यला.

शेवटी पैसे लागले ते दवाखान्याले, अन् रिसोडच्या मोच्याले. त्यानं चपलेत बोटाच्या जागी गादी शिवून देल्ली, तिच्यावरच आता वावरात जातो. गुलाबराव अजून विचारते, आलं का औषध. मी म्हणतो, मंदा म्हणन आलं, तवाच आलं. तवरोक तिच्या शिंपल्या सुखी राहोत.