कुठून बोलताय?

ताई: परत पहिल्यापासून. फोन वाजला, तू उचललास. पहिला प्रश्न काय?

बाळ्या: "काय झालंय?"

ताई: चूक. तिसऱ्यांदा चूक! रुग्णवाहिका सेवेच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलंय. आधी "कुठून बोलताय?" मग बाकीचं.

बाळ्या: अगं, तिकडे माणूस बोंबलतोय आणि मी पत्ता विचारत बसू? कसंतरीच वाटतं.

ताई: आणि फोन मध्येच तुटला तर? पत्ता असेल तर निदान गाडी तरी निघते. पत्ता घ्यायचा, तो परत म्हणून दाखवायचा, मग पुढचं. उद्या दहाला परीक्षा आहे आणि साहेबांचं अजून पहिल्याच प्रश्नाला घोडं अडलंय.

बाळ्या: तू माझ्या शर्टाचं बटण लाव नीट. मी नापास व्हावं असंच वाटतंय ना तुला? अर्ज आणल्यापासून तोंड पाडून बसलीयेस.

ताई: मी काय म्हटलं? दुकानातली नोकरी बरी चाललीये, एवढंच म्हटलं.

बाळ्या: जन्मभर मोबाइलची कव्हरं विकू? ऐक, अर्जात काय लिहिलंय. "ही नोकरी का हवी?" त्याच्या खाली. "दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. बहिणीने लगेच फोन केला, परंतु फोन घेणाऱ्या व्यक्तीच्या हलगर्जीपणामुळे रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांनी पोचली. वडील वाचले नाहीत. तशी चूक माझ्या हातून कधीही होणार नाही." कसं वाटतंय?

ताई: हे दिलंस त्यांना?

बाळ्या: उद्या द्यायचंय. मुलाखतीतही हेच बोलणार. तो फोन घेणारी बाई असेल ना अजून तिथे. आवाज ऐकलास तर ओळखशील?

ताई: ते वाक्य काढ, बाळ्या.

बाळ्या: का काढू? खोटं आहे का?

ताई: नोकरी मागायला चाललायस की भांडायला?

बाळ्या: दोन्ही. चल, एक शेवटचा फोन कर. खराखुरा कर हं, मगाशी मांजर टाकीत पडलं म्हणालीस तसलं नको.

ताई: पुरे आता. दमले मी.

बाळ्या: एकच गं. ट्रिंग ट्रिंग. आपत्कालीन सेवा, कुठून बोलताय?

(ती शर्ट बाजूला ठेवते.)

बाळ्या: हॅलो? कुठून बोलताय?

ताई: लवकर या हो. माझे बाबा पडलेत. बाथरूमच्या दारात पडलेत, हलत नाहीयेत.

बाळ्या: ए ताई, हा नको. दुसरा कुठला तरी घे.

ताई: खराखुरा म्हणालास ना? विचार पुढचं.

बाळ्या: बरं... पत्ता सांगा.

ताई: शाळेमागची गल्ली. सात नंबरची इमारत, तिसरा मजला.

बाळ्या: शाळेमागची गल्ली, सात नंबर, तिसरा मजला. बरोबर?

ताई: हो, बरोबर. लवकर या.

बाळ्या: ते श्वास घेतायत का... थांब, थांब. घोळ घातलास तू. हा जुन्या घराचा पत्ता आहे. बाबा गेले तेव्हा आपण इथे राहायला आलो होतो.

ताई: अकरा दिवस झाले होते. खोकीसुद्धा सोडली नव्हती सगळी.

बाळ्या: म्हणजे आत्ता चुकलीस ना तू?

ताई: आत्ता नाही चुकले.

बाळ्या: ताई.

ताई: तू घरी नव्हतास, मी एकटी. एकवीस वर्षं राहिलो रे तिथे. तोंडातून तेच आलं. त्या बाईने पत्ता परत म्हणून दाखवला, आत्ता तू दाखवलास तस्साच. बरोबर का विचारलं. मी म्हटलं, बरोबर. सात मिनिटांत गाडी तिथे पोचली होती, बाळ्या. सात मिनिटांत! तिथल्या नव्या भाडेकरूने दार उघडलं. मग ती बाई मला फोनवर म्हणाली, तिथे दुसरी माणसं आहेत, तुम्ही आत्ता उभ्या आहात तिथून खिडकीबाहेर काय दिसतंय ते सांगा. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

बाळ्या: मी तक्रार केली होती त्या बाईची. लेखी. तुझी सही घेतली होती खाली.

ताई: केली मी सही.

बाळ्या: केलीस! हात नाही कापला तुझा?

ताई: तू चार दिवस जेवला नव्हतास. त्यांना शिव्या घालून तरी उभा राहत होतास. म्हटलं आज सांगू, उद्या सांगू. मग त्यांचं उत्तर आलं. फोनचं रेकॉर्डिंग आहे, येऊन ऐका म्हणून. मी ते पत्र फाडून टाकलं.

बाळ्या: आणि त्या बाईचं काय झालं?

ताई: माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही. उद्या तू हे बोललास की ते तुला ऐकवतील, चारचौघांत. तिथे माझा आवाज ऐकण्यापेक्षा इथेच ऐक म्हटलं.

बाळ्या: सात मिनिटांत इथे आली असती गाडी तर?

ताई: डॉक्टर म्हणाले, कदाचित.

बाळ्या: कदाचित.

ताई: एवढंच म्हणाले. रोज तो एक शब्द घेऊन उठते मी. बोल ना काहीतरी, बाळ्या. शिव्या दे, पण बोल.

बाळ्या: मला तुझा राग आलाय. भयंकर आलाय. उद्या परीक्षेहून आल्यावर लगेच काही विचारू नकोस मला.

ताई: नाही विचारत.

बाळ्या: पेन दे ते.

ताई: अर्ज फाडू नको रे. तुला हवीये ती नोकरी.

बाळ्या: फाडत नाहीये. खोडतोय. एक सांग, पत्ता चुकल्याचं कळल्यावर ती बाई चिडली तुझ्यावर?

ताई: एका शब्दानेही नाही. फोनसुद्धा ठेवला नाही तिने. दुसरी गाडी दारात येईपर्यंत बोलत होती. बाबांच्या छातीवर हात कसे ठेवायचे, किती जोरात दाबायचं, सगळं सांगत होती. मी रडायला लागले की म्हणायची, रडा, पण थांबू नका, माझ्याबरोबर मोजा.

बाळ्या: हळू सांग, लिहितोय. कितीपर्यंत मोजलंत?

ताई: तीसपर्यंत. मग परत एकपासून.