हरेल त्याच्याकडे नाश्ता

मोहियुद्दीन : मॅच उद्या सकाळी आहे ना?

इस्मत : हां.

मोहियुद्दीन : आणि तू तांदूळ आजच भिजत घातलेस?

इस्मत : मग? घावनांचे तांदूळ काय तुमची शेवटची विकेट पडल्यावर भिजत घालू?

मोहियुद्दीन : म्हणजे आपली कर्दळवाडी हरणार हे तू धरूनच चाललीस.

इस्मत : मी कशाला धरू? हंगाम सुरू झाल्यापासून एका तरी शुक्रवारी दुसऱ्या गावाच्या हातचं खाऊन आलात का? हरेल त्याने जिंकेल त्याला नाश्ता घालायचा, हा नियम कुणाचा?

मोहियुद्दीन : माझाच. पण तेव्हा आपण जिंकत होतो गो.

इस्मत : तेच सांगतेय. फुकटचा नाश्ता मिळेल म्हणून नियम केलात आणि तवा आला माझ्या गळ्यात.

मोहियुद्दीन : अजून अर्धा हंगाम बाकी आहे, इस्मत. अर्धा! उद्या खाजणेवाल्यांना पाडलं, की पुढच्या दोन टीम्स तशा हलक्याच आहेत. उमैरने झेल घेतले, ओपनिंगला जरा पाय टिकले...

इस्मत : उमैरने झेल घेतले तर? अहो, त्या पोराच्या हातात मी बशी देताना खाली दुसरा हात धरते.

मोहियुद्दीन : हस. पण तळाला राहिलो तर पुढच्या वर्षी लीगमधून बाहेर, ठाऊक आहे ना? रियाधमध्ये शुक्रवारचं क्रिकेट ज्या गावाने सुरू केलं, त्याच गावाचं नाव नाही. लोक विचारतील, मोहियुद्दीन, तुमची टीम कुठाय? मी काय सांगू, मी नुसता बघायला आलोय?

इस्मत : बघायलाच तर जाता. खेळायचं तुम्ही सोडलंत, मेहेक पाळण्यात होती तेव्हा. दार वाजतंय, बघा. रत्नाकरभाऊ असतील.

रत्नाकर : आत येऊ का? वहिनी, वरपर्यंत खोबऱ्याचा वास येतोय. आमच्या प्रमोदिनीला फोनवर सांगितलं, तर नाशिकहून म्हणाली, खाली जाऊन नुसते उभे राहू नका, काहीतरी मदत करा.

इस्मत : बसा. चहा टाकते. उद्या अंपायर तुम्हीच ना?

रत्नाकर : मीच. सगळ्या लीगमध्ये कोकणात गाव नसलेला एकटा मीच. त्यामुळे मी निःपक्षपाती, आणि कोणीही हरलं तरी मला नाश्ता.

मोहियुद्दीन : रत्नाकरभाऊ, खरं सांगा. तुम्ही इंजिनीअर माणूस. आमची टीम इतकी वाईट आहे का?

रत्नाकर : नाही.

मोहियुद्दीन : ऐकलंस?

रत्नाकर : मध्यम आहे. वाईट नाही. मलाही हेच कोडं पडलं होतं, मोहियुद्दीनभाई. ज्या टीम्स तुम्हाला धुतात, त्याच पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या कुणाकडून मार खातात. असं का व्हावं? पण जाऊ दे, अंपायरने बोलू नये.

इस्मत : बोला, भाऊ. चहात साखर घालायची आहे अजून मला.

रत्नाकर : ही तर सरळ लाच झाली, वहिनी. बरं, ऐका. दुपारी खाजण्याच्या कॅप्टनचा मला फोन आला. मला वाटलं, पिच कसं आहे विचारेल. तर म्हणाला, सर, उद्या नाश्ता कर्दळवाडीचा म्हणजे इस्मतभाभींच्याच हातचा ना? नक्की ना? मी म्हटलं, तुम्ही जिंकलात तर. म्हणाला, मग हम्मादला बुरैदाहून बोलावतो.

मोहियुद्दीन : हम्माद? तो खजुराच्या कोल्ड स्टोरेजमधला? तो तर इतक्या लांबून कुठल्याच मॅचला येत नाही!

रत्नाकर : तुमच्या मॅचला येतो. गेल्या हंगामातही आला होता. दुसऱ्या गावांविरुद्ध खाजणेवाले मैदानात नऊ जण उभे करतात, उरलेले रूमवर झोपलेले. तुमच्याविरुद्ध मात्र अकराच्या अकरा, वर राखीव दोघे गाडीत. सगळ्याच टीम्सचं हे असं आहे. ड्यूटी बदलून घेतात लोक. माझ्या कंपनीत एकाने त्यासाठी आजारपणाची रजा टाकली होती.

मोहियुद्दीन : घावनासाठी?

रत्नाकर : घावन, नारळाचा रस आणि ती सुक्या जवळ्याची चटणी. आणि खरं सांगू? तुमच्या पोरांचंही थोडं तसंच आहे.

मोहियुद्दीन : माझी पोरं? माझी पोरं मुद्दाम हरतात?

रत्नाकर : मुद्दाम नाही हो. पण जिंकून त्यांना मिळतं काय? खाजणेवाले हॉटेलातून तमीस रोटी आणि पातळ डाळ मागवणार. हरले तर यजमान म्हणून वहिनींच्या पंगतीत बसता येतं. ते हरायला खेळत नाहीत. जिंकायची घाई मात्र कुणाला दिसत नाही.

मोहियुद्दीन : या अल्लाह. इस्मत, आपली टीम तू बुडवलीस!

इस्मत : मी? मी बॅट हातात धरली नाही आयुष्यात. गुन्हा मात्र माझ्या नावावर?

मोहियुद्दीन : तसं नाही गो. ऐक ना. एकच शुक्रवार. मीठ जरा हात सोडून टाकायचं. रस थोडा पातळ. एकदा तोंड वाकडं झालं, की हम्माद काही बुरैदाहून गाडी हाणत येत नाही.

इस्मत : काय म्हणालात?

मोहियुद्दीन : एकच शुक्रवार.

इस्मत : लग्नानंतर तुमच्या आईने माझ्या जवळ्याला एकदा नाव ठेवलं होतं. मी वर्षभर त्यांना वाढलं, पण एक शब्द बोलले नाही. आणि तुम्ही सांगता, मुद्दाम बिघडव?

रत्नाकर : मी वर जातो.

इस्मत : बसा, भाऊ. चहा उतू जाईल. अहो, इथं मला कोण ओळखतं? तुमच्या दुकानात मी मालकाची बायको. लेक शाळेत होती तोवर मेहेकची अम्मी. सौदीत आले तेव्हापासून माझं स्वतःचं नाव लोक घेतात ते फक्त शुक्रवारी सकाळी. इस्मतभाभींच्या हातचं. तेवढंच. तेही तुम्हाला खारट करून हवंय?

मोहियुद्दीन : चुकलं. मीठ राहू दे. दुसरं काही तरी... हां! करूच नकोस. हरलो तर आपणही हॉटेलातून मागवू. ग्रुपवर आत्ताच टाकतो म्हणजे रात्रीपर्यंत सगळ्यांना कळेल.

इस्मत : टाका.

मोहियुद्दीन : रागाने नको म्हणूस.

इस्मत : रागाने नाही. दर शुक्रवारी पहाटे फजरच्या नमाजाआधी उठते मी, आणि तुम्ही सातवी विकेट पडली की फोन करता, तवा ठेव म्हणून. उद्या झोपेन निवांत. टाका, टाका.

मोहियुद्दीन : सलाम. सर्व संघांस कळविण्यात येते की उद्या कर्दळवाडी हरल्यास नाश्ता हॉटेलातून मागविण्यात येईल. नोंद घ्यावी.

इस्मत : नोंद घ्यावी काय? बलदियाच्या म्युन्सिपाल्टीवाल्यांची नोटीस आहे का दुकान पाडायची?

मोहियुद्दीन : मग काय लिहू?

इस्मत : ते तुमचं तुम्ही बघा. पाठवलंत?

मोहियुद्दीन : थांब जरा.

रत्नाकर : नेट गेलं का?

मोहियुद्दीन : नेट आहे. बोटच पुढे जात नाही. सगळी रूमवर राहणारी माणसं, रत्नाकरभाऊ. एका खोलीत सहा पलंग, आठवडाभर मेसचं तेच ते. हम्मादसारख्याला तर बुरैदात मराठी बोलायलासुद्धा कोणी नाही.

इस्मत : गेल्या खेपेला तो पोट फुटेस्तो जेवला. मग दारात घुटमळत राहिला. म्हटलं, काय हवं? म्हणाला, भाभी, एक घावन कागदात बांधून द्याल? रूमवर कुणाला द्यायचंय का विचारलं, तर म्हणाला, नाही, मीच खाईन, रात्री.

मोहियुद्दीन : हे तू मला सांगितलं नाहीस.

इस्मत : तुम्ही हरून आला होतात. घरात दोन दिवस बोलायची सोय होती का?

मोहियुद्दीन : खोडून टाकलं. जाऊ दे. हरू. पुढच्या वर्षी खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या मॅचेस बघेन.

इस्मत : झालं लगेच? रत्नाकरभाऊ, मला एक सांगा. हरेल त्याने खायला घालायचं, हा नियम. बरोबर?

रत्नाकर : बरोबर.

इस्मत : जिंकेल त्याने घालू नये, असंही आहे का कुठं?

रत्नाकर : नाही. असं कुठंच नाही.

इस्मत : मग लिहा. उद्या कोणीही जिंको, कोणीही हरो, नाश्ता इस्मतकडे. दोन्ही टीम्सना. उद्याच नाही, हंगाम संपेपर्यंत. म्हणजे जेवणासाठी जिंकायला नको त्यांना, आणि जेवणासाठी हरायला नको तुमच्या लाडक्यांना. काय ते खेळा आता.

रत्नाकर : वहिनी, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

मोहियुद्दीन : अगो पण मग दर शुक्रवारी तूच राबणार! जिंकलो तरी तू, हरलो तरी तू.

इस्मत : आणि आता काय वेगळं करते?

मोहियुद्दीन : तेही खरंच. लिहितो. नाश्ता... इस्मतकडे. माझं नाव घालू?

इस्मत : तुमचं काय काम त्यात?

मोहियुद्दीन : गेला मेसेज. बघा, बघा, लगेच अंगठे आले. उमैरने तर हृदय पाठवलंय.

इस्मत : त्याला म्हणावं, ते तरी पाडू नकोस.

मोहियुद्दीन : खाजण्याचा कॅप्टन लिहितोय... भाभी जिंदाबाद. आणि हा हम्माद. भाभी, शुक्रिया. मग मी मॅचला येत नाही, सकाळी सावकाश निघतो, थेट नाश्त्याला पोहोचतो.

रत्नाकर : घ्या! मोहियुद्दीनभाई, अभिनंदन. हम्माद नाही म्हणजे निम्मी बॅटिंग गेली त्यांची. राखीवसुद्धा येणार नाहीत आता. उद्या तुम्हाला या हंगामात पहिल्यांदाच चान्स आहे. अंपायर म्हणून नाही, शेजारी म्हणून सांगतो.

मोहियुद्दीन : हां.

रत्नाकर : हां काय नुसतं? नाचा की!

मोहियुद्दीन : नाचलो असतो. पण असं बघा, उद्या आम्ही जिंकलो, आणि मग तो हम्माद समोर बसून घावन खातोय. मी त्याच्या ताटात रस वाढणार आणि मनात म्हणणार, बरं झालं तू झोपलास. कसं वाटेल ते?

इस्मत : आता तुमचं काय म्हणणं? तो आला तरी रडणार, नाही आला तरी रडणार.

मोहियुद्दीन : रडत नाही गो. पण त्याचा ऑफ स्टंप उमैरने उडवला, तर ती मजा मी मरेपर्यंत सांगेन. तो झोपेत असताना जिंकलेली मॅच कुणाला सांगू? मी त्याला फोन करतो.

रत्नाकर : मोहियुद्दीनभाई, तळाला आहात तुम्ही.

मोहियुद्दीन : अर्धा हंगाम बाकी आहे, रत्नाकरभाऊ! अर्धा! गॅलरीत रेंज चांगली आहे, आलोच.

(मोहियुद्दीन गॅलरीत जातो. दार उघडंच राहतं. त्याचा आवाज आत येत राहतो.)

रत्नाकर : वहिनी, थांबवा त्यांना. हम्माद आला तर उद्या अवघड आहे.

इस्मत : मी थांबवते होय? या माणसाने दुकानातसुद्धा समोरच्याला सावध केल्याशिवाय कधी सौदा केला नाही. म्हणून तर दुकान आहे तेवढंच राहिलं.

मोहियुद्दीन : हम्माद? अरे झोपतोस काय? ये खेळायला! घाबरलास का आमच्या उमैरला?

रत्नाकर : ऐका. बुरैदापर्यंत ऐकू जाईल फोनशिवाय.

इस्मत : मघाशी खुर्ची टाकून बसणार होते. बघा आता आवाज कसा लागलाय.

रत्नाकर : तुम्ही इतकं करता त्यांच्या टीमसाठी. एकदा तरी मॅच बघितलीत का?

इस्मत : बघायची गरज काय? घरी आलेल्या ह्यांच्या पायांवरून कळतं. नीट हरले तर चपला दारात नीट काढतात. झेल सुटून हरले तर एक चप्पल जिन्यात.

रत्नाकर : तरी वाटत नाही तुम्हाला, एकदा जिंकावेत?

इस्मत : भाऊ, तुम्हाला सांगते. नमाज झाली की मी दुआ मागते. आधी मेहेकचं सुखरूप बाळंतपण होऊ दे. मग माझ्या भावाचा गुडघा. मग ह्यांचा इथं राहायचा परवाना, इकामा, आणि ज्याच्या हमीवर राहतो त्या कफीलाचं डोकं थंड राहू दे, सगळं आपलं रीतसर. आणि एकदम शेवटी, हात तोंडावरून फिरवायच्या आधी, हळूच सांगते, उमैरच्या हातात एखादा झेल राहू दे. लाज वाटते हो. अल्लाहपुढे बसून क्रिकेट मागायचं म्हणजे.

मोहियुद्दीन : येतो म्हणाला! इस्मत, हम्माद येतोय! खेळायला!

इस्मत : येऊ दे, येऊ दे! ओरडू नका, शेजारी मूल झोपलंय!

रत्नाकर : हे दुआचं त्यांना सांगू का? किती खूश होतील.

इस्मत : नको, भाऊ. त्यांना कळेल, की मलाही आशा आहे.