प्रत्येक पेशीचं दार

बोरीच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर निवृत्त मास्तर सिद्रामप्पा केशरबाईंना शिकवत होते.

“देहात अब्जावधी पेशी, केशरबाई, अन् प्रत्येकीच्या दारावर राखणदार!”

“आधी हे दार लावा, अप्पा. धूळ यायलीय.”

“लावलं. तर तो राखणदार पेशीतलं मीठ बाहेर काढतो. शुगर झाली की तो सुस्तावतो. मग मीठ आत साचतं, नसा आवळतात, बीपी चढतं.”

“मग लोणचं सोडा की.”

“आमची बायकू चन्नबसम्मा गेल्यापासून भाजी कोण करतंय?”

“पोरगं?”

“पुण्याला हाय. मीठ कमी केलं का, फोनवर इचारतंय.”

“तुमचा नंबर पुकारायलेत.”

“तुमी जा आधी. मला घाई न्हाई.”

“हा तिसरा नंबर सोडायलाव, अप्पा!”

“असू द्या. उद्या बाजारला जाताना तेवढी आमच्या दाराची कडी वाजवत जा. काम कायी नसलं तरी.”