आबांच्या खिशातला प्रसाद

आमच्या घरी एक नियम आहे: प्रसादाला नाही म्हणायचं नाही आणि त्यात काय आहे ते विचारायचंही नाही. आता ऐका.

गावच्या यात्रेत मुलींची शर्यत असते. त्याआधी माझे चुलत आजोबा, आबा, गूळ-खोबरं वाटतात. सगळ्यांना ताटातून, पळणाऱ्या मुलींना मात्र खिशातून. मला तिथेच शंका आली. मागच्या वर्षी माझी मैत्रीण वंदना मुरगळलेल्या पायाने पळून पहिली आली. संध्याकाळी पायाला प्लास्टर. "पळताना काहीच दुखलं नाही वं मले," म्हणाली.

यंदा माझी नडगी ठणकत होती. आबांनी गुळाचा खडा हातावर ठेवला. मी तो फोडला. आत अर्धी पांढरी गोळी.

"हे काय आबा?"

"दुखणं दाबते. शेजारच्या धाड गावच्या पोरी पुढे गेल्या तं गावाची इज्जत जाईन. खाय मुकाट्यानं."

शेजारचे चार म्हातारे माना डोलवायला लागले. "मोठ्यायले असं विचारत नाही पोरी."

गोळी मी ओळखली. आबांच्या गुडघ्यांसाठी मीच ती मेडिकलमधून आणायचे. किडनीला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली होती. उरलेल्या गोळ्या कुठे गेल्या, ते आता कळलं.

"तुम्हाले डॉक्टरनं मना केलेली गोळी मले काऊन देता? पाय माझा आहे. दुखला तं मले कळलं पाहिजे. मी नाही खात."

खडा मी त्यांच्या हातावर परत ठेवला. चौघांच्या डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या.